टॅकलचे पाय बघायला मिळावेत म्हणून : माझा अनुभव

कॉलेजचा ऑफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला वाचवणाऱ्या फळीच्या टोकाचा खेळाडू, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये टिकेल की नाही, हे टीव्हीवरचे सामने बघून कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मी हे तावातावानं लिहितेय याला कारण आहे. या वर्षी माझा अर्धा वसंत एका ऑफिसच्या दारात गेला.

मी ओहायोत राहते. नोकरी वेगळ्या क्षेत्रात आहे, पण एप्रिलअखेरच्या ड्राफ्टआधी (त्यात एनएफएलचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात) आमचा छोटा गट एक पुस्तिका काढतो, तिच्यासाठी मी रिपोर्ट लिहिते. यंदा माझ्या वाट्याला मिड-अमेरिकन कॉन्फरन्स या कॉलेज-संघांच्या गटातला एक लेफ्ट टॅकल आला. या कॉन्फरन्सला लहान म्हणून नाक मुरडणारे खूप. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की २०१३ च्या ड्राफ्टमध्ये अगदी पहिला निवडला गेलेला एरिक फिशर इथल्याच सेंट्रल मिशिगनचा टॅकल होता.

उंची, वजन, किती सामने सुरुवातीपासून खेळला, कोणत्या बाजूला खेळला, हे सगळं एका संध्याकाळी जमलं. मग फिल्म लावली आणि तिथेच अडलं.

टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू झाला, की चित्र चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर आवळलं जातं आणि टॅकल दुसऱ्या पावलालाच चौकटीबाहेर जातो. रिप्लेमध्ये झेल दाखवतात. मला हवे होते दोन कोन : एक वरून, ज्यात मैदानावरचे बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात, आणि दुसरा मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमागून, ज्यात टॅकलची कंबर आणि पावलं दिसतात. एनएफएलच्या सामन्यांची अशी फिल्म वर्गणी भरून कुणालाही बघता येते. कॉलेजांचं तसं नाही. ती आपापसांत फिल्म देतात-घेतात, बाहेरच्यांना सहसा देत नाहीत.

मी कॉलेजच्या क्रीडा विभागाला रीतसर पत्र लिहिलं. उत्तरादाखल एक फॉर्म आला. त्यात संस्थेचं नाव, लेटरहेड, संपादकाची सही, फिल्म कशासाठी हवी याचा खुलासा, सगळं मागितलं होतं. सगळं दिलं. मग कळलं की हा विषय व्हिडिओ विभागाचा. व्हिडिओ विभाग म्हणाला, प्रशिक्षकांची परवानगी आणा. प्रशिक्षकांच्या ऑफिसनं माध्यम विभागाकडे बोट दाखवलं आणि माध्यम विभागानं मला तोच फॉर्म पुन्हा पाठवला. वर एक ओळ : अर्जाची मुदत हंगामाआधीच संपली आहे. ही मुदत फॉर्मवर कुठेही छापलेली नव्हती! मी तसं विचारलं, तर त्या मेलला उत्तरच नाही. मधे वसंताची सुट्टी लागली. ड्राफ्ट जवळ येत होता आणि माझ्याकडे टीव्हीच्या फिल्मवरून काढलेली अर्धवट टिपणं होती.

मला सगळ्यात जास्त राग याचा आला की नुकसान त्या मुलाचं होत होतं. त्याला इंडियानापोलिसच्या कम्बाइनचं, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिराचं, बोलावणं नव्हतं. मोठ्या कॉलेजच्या खेळाडूबद्दल लिहिणारे शंभर असतात. याच्याबद्दल कुणीतरी मन लावून लिहू बघतंय, तर त्याच्याच कॉलेजनं दार लावून घ्यावं?

शेवटी मी मेल पाठवणं थांबवलं आणि फोन केला. म्हटलं, मला प्रत नकोच, तुमच्याकडे बसून बघते. सगळा हंगामही नको, हे दोन सामने, त्यातही फक्त थर्ड डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा). यावर व्हिडिओ विभागातला एक तरुण मदतनीस लगेच हो म्हणाला. तुमच्यावर अशी वेळ आली तर प्रत मागूच नका, जागेवर बसून बघायची परवानगी मागा. आणि नेमके सामने सांगा.

मग जे दिसलं ते टीव्हीवर मला आयुष्यात दिसलं नसतं. थर्ड डाउन, आठ यार्ड मिळवायचे. समोरचा एज रशर, म्हणजे कडेनं क्वार्टरबॅकवर धावून येणारा, लांब उभा. आमच्या गड्याचं डावं पाऊल झकास मागे सरकलं, दुसरंही. तिसऱ्या पावलाला मात्र कंबर साइडलाइनकडे उघडली. रशरनं तेवढंच हेरलं आणि तो आत घुसला. टॅकलचा उजवा हात त्याच्या बरगडीवर पडला म्हणून क्वार्टरबॅक वाचला. चौथ्या क्वार्टरमध्ये पुन्हा तेच, फक्त या वेळी हात पोचला नाही. पण सरळ अंगावर चालून येणाऱ्या रशरसमोर हाच मुलगा दीड यार्ड मागे रेटला गेला, खाली बसला, हात आतून पुन्हा लावले आणि तिथेच रुतला. ही ताकद पुढच्या पातळीवरही उपयोगी पडते.

एक राहिलं. सगळे पास सारखे मोजू नका. या संघाचे बरेच डाव रन-पास ऑप्शनचे होते, म्हणजे धावायचं की फेकायचं हे क्वार्टरबॅक ऐन वेळी ठरवतो. त्यात टॅकल मागे सरकतच नाही, पुढेच मुसंडी मारतो. कॉलेजच्या नियमात चेंडू हातातून सुटेपर्यंत फळीतल्या लाइनमनला तीन यार्ड पुढे जायची मुभा आहे, एनएफएलमध्ये एकच यार्ड. म्हणून मी खऱ्या पास सेटचे, म्हणजे टॅकल मागे सरकतो असे, डाव वेगळे काढले आणि मत फक्त त्यांवर बेतलं.

त्याच्या हाताची लांबी प्रो डेला, म्हणजे कॉलेजातल्या चाचणीच्या दिवशी, ३३ इंचांच्या आत भरली आणि आमच्या गटात लगेच 'हात आखूड आहे, याला गार्ड करा', म्हणजे टॅकलच्या आतल्या जागी उभा करा, सुरू झालं. मला हे पटत नाही. २०२५ मध्ये एलएसयू कॉलेजच्या टॅकल विल कॅम्पबेलचा हात कम्बाइनला ३२ ५/८ इंच भरला, प्रो डेला ३३, आणि पॅट्रियट्स संघानं त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. टॅकल जो थॉमसचे हातही काही फार लांब नव्हते. तो ब्राउन्स संघासाठी सलग १०,३६३ स्नॅप खेळला. उलट टॅकल ऑर्लँडो ब्राउनची २०१८ ची कम्बाइन इतकी वाईट गेली की तो तिसऱ्या फेरीपर्यंत घसरला, आणि नंतर 'प्रो बोल'साठी, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंत, निवडला गेला. हात आखूड असेल तर तो वेळेवर लागतो का ते बघा. दुखापतींबद्दल मात्र अंदाज बांधू नका, कम्बाइनच्या वैद्यकीय तपासणीचे निकाल संघांनाच मिळतात.

रिपोर्टमध्ये मी त्याला पाचव्या फेरीत ठेवलं, टॅकल म्हणूनच. तिसरं पाऊल सुधारणारा प्रशिक्षक मिळाला तर दोन वर्षांत उजव्या बाजूला उभा राहील, असं लिहिलं. संपादकांनी 'गार्ड' करायला सांगितलं, तेव्हा मी त्यांना त्या दोन थर्ड डाउनची टिपणं पाठवली. छापताना त्यांनी शब्द बदलला नाही.

आणि हो, फिल्मचा अर्ज ऑगस्टमध्येच करून ठेवा.