पिसवांचं औषध निवडताना आधी पोतं उचलून बघा

कुत्र्याच्या अंगावर पिसवा दिसल्या की लोक सरळ दुकान गाठतात आणि विचारतात, "चांगलं औषध कोणतं?" त्याआधी कुत्रं झोपतं ते पोतं उचलून बघायला हवं. घरातल्या पिसवांचा सगळा पसारा धरला तर जेमतेम 5 टक्के कुत्र्याच्या अंगावर असतात. बाकीच्या 95 टक्के अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात सोप्यावरच्या पोत्यात, जुन्या वाकळेच्या घडीत, शहाबादी फरशीच्या सांध्यांत आणि गोठ्याच्या कोपऱ्यातल्या भुशात पडून असतात. औषध या 95 टक्क्यांचा विचार करून निवडलं नाही, तर महिनाभरात सगळं पहिल्यासारखं होतं.

मादी रक्त प्यायला लागली की एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते, दिवसाला 40-50 सुद्धा. अंडी पांढरी, गुळगुळीत, मिठाच्या कणाएवढी. ती केसांना चिकटत नाहीत, कुत्रं जिथं बसतं, अंग झाडतं तिथं गळून पडतात. अळीला उजेड सोसत नाही, म्हणून ती विणीतून खाली खाली सरकते. मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्त, हेच तिचं खाणं, आणि तेही अंड्यांबरोबर त्याच पोत्यात गळलेलं असतं. पुढे ती चिकट रेशमाचा कोश विणते. त्याला धूळ-माती चिकटते, त्यामुळे तो डोळ्याला दिसत नाही आणि फवाराही आत पोचत नाही. कोशातली पिसू काही महिने तशीच थांबू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास जाणवला की बाहेर उडी मारते. गावाकडचं बंद घर गणपतीला उघडलं की पहिल्याच दिवशी घोट्यांवर लाल गांधी उठतात त्या यामुळे.

27 ते 32 अंश तापमान आणि हवेत 70-80 टक्के ओलावा असला की अंड्यापासून पिसू व्हायला तीन-चार आठवडे पुरतात. ओलावा 50 टक्क्यांच्या खाली गेला तर अळ्या वाळून मरतात. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, लोंढा या घाटाकडच्या पट्ट्यात मृगापासून दिवाळीपर्यंत पिसवांना सगळं आयतं मिळतं. अथणी-रायबागकडे एप्रिलच्या उन्हात उघड्या अंगणात अळी टिकत नाही. पण रांजणाखालची ओल, पाण्याच्या टाकीची सावली, उसाच्या मळ्यातली खोप इथं तिचं उन्हाळ्यातही भागतं. "आमच्याकडे कोरडा मुलूख, आमच्याकडे पिसवा होत नाहीत" या भरवशावर राहू नका.

आधी पिसवाच आहेत का ते ठरवा. कुत्र्याला पांढऱ्या ओल्या फडक्यावर उभं करून शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवा. काळे कण पडले आणि ते ओलीत विरघळून तांबूस डाग उमटला, तर ती पिसवांची विष्ठा. नुसती माती असेल तर काळीच राहते. पिसवांची खाज बहुतेक शेपटीच्या मुळाशी, कमरेवर आणि मांड्यांच्या आत असते. कानाच्या कडेला, बोटांच्या बेचक्यांत फुगलेले दाणे चिकटलेले दिसले तर ते गोचीड. परड्यात कोंबड्या असतील तर आणखी एक जात सापडते: कानाच्या कडेवर आणि डोळ्यांभोवती घट्ट रुतून बसलेल्या बारीक, काळपट पिसवा. त्या उड्या मारत नाहीत, म्हणून लोक त्यांना गोचीड समजतात.

हा फरक सीमाभागात दुकानात फार महाग पडतो. कन्नडमध्ये पिसू म्हणजे चिगट आणि गोचीड म्हणजे उण्णी. काउंटरवर घाईत "उण्णीचं औषध द्या" म्हटलं की बऱ्याचदा हातात येतं ते गुरांवर मारायचं अमिट्राझ. ते गोचिडांवर चालतं, पिसवांवर त्याचा भरवसा नाही. शिवाय कुत्र्याला, त्यातही लहान पिल्लाला, त्याने गुंगी येते. तसंच आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन. खरजेसाठी ते देतात, पण पिसवांवर त्याचा उपयोग होत नाही आणि कोली जातीच्या कुत्र्यांना ते जिवावर बेतू शकतं. दुकानात चिगट म्हणूनच सांगा, आणि कुत्र्याचं वजन व वय सांगा.

वजन अंदाजाने सांगू नका. मुधोळ कुत्रं उंच दिसतं, पण अंगाने सडपातळ असतं. उंची बघून 30 किलो म्हटलेलं जनावर काट्यावर 22 भरतं. उलट घरी बसून भाकरी-दूध खाणारं गावठी कुत्रं दिसतं त्यापेक्षा जड निघतं. सोसायटीतल्या किंवा धान्याच्या दुकानातल्या काट्यावर आधी स्वतः उभं राहा, मग कुत्र्याला उचलून घेऊन, आणि वजाबाकी करा.

आता औषधं.

फिप्रोनिलचा 0.25 टक्के फवारा जुना आणि चांगला आहे, पण सगळ्यात जास्त चुका त्याच्यातच होतात, कारण तो पुरेसा मारलाच जात नाही. मात्रा किलोला 3 ते 6 मिली: आखूड केसांना 3, दाट लांब केसांना 6. फ्रंटलाइन नावाने मिळणाऱ्या या फवाऱ्याच्या 100 मिलीच्या बाटलीतून एका दाबात अर्धा मिली येतं. म्हणजे 10 किलोच्या आखूड केसांच्या कुत्र्याला 30 मिली, मोजून 60 दाब. लोक 10-15 दाब मारतात आणि औषध खोटं म्हणतात. 250 मिलीच्या बाटलीत एका दाबात दीड मिली येतं, तिथं 20 दाबांत काम होतं. हातमोजे घाला, केस उलटे फिरवत कातडीपर्यंत ओलं करा, पोट आणि मांड्यांच्या आतही मारा. तोंडाला मोज्यावर घेऊन पुसा. उघड्यावर, चुलीपासून लांब करा, त्यात अल्कोहोल असतं. कुत्रं वाळेपर्यंत पोरांना जवळ जाऊ देऊ नका. कोंबड्यांच्या खुराड्याजवळ तर मुळीच मारू नका. 2017 मध्ये युरोपात अंड्यांत फिप्रोनिल सापडलं तेव्हा लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली होती. घरात ससे असतील तर फिप्रोनिल नकोच, सशाला ते विष आहे.

मानेवर टाकायच्या थेंबांत फिप्रोनिलबरोबर मेथोप्रीन असलेलं घ्या. फिप्रोनिल मोठ्या पिसवा मारतं आणि मेथोप्रीन अंडी-अळ्यांची वाढ थांबवतं, म्हणजे पोत्यातल्या पसाऱ्यावरही थोडा वचक राहतो. 10 किलोपर्यंत 0.67 मिली, 20 पर्यंत 1.34, 40 पर्यंत 2.68. दोन खांद्यांच्या मधे केस बाजूला करून नळीचं टोक कातडीला लावायचं आणि सगळी नळी पिळायची. केसांवर पडलेलं औषध वाया जातं. ते कातडीतल्या तेलाबरोबर अंगभर पसरतं, म्हणून दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर अंघोळ नाही. दर आठवड्याला शांपू लावणाऱ्या घरात हे थेंब महिनाभर टिकत नाहीत. कणकुंबीसारख्या ठिकाणी जुलैत कुत्रं रोज भिजून येत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: थेंबांचा नाद सोडा, गोळी द्या.

गोळ्यांत अफॉक्सोलॅनर (नेक्सगार्ड) महिन्यातून एकदा आणि फ्ल्युरालॅनर (ब्रॅव्हेक्टो) 12 आठवड्यांतून एकदा. दोन्ही पिसवांवर आणि गोचिडांवर चालतात, पाण्याने धुऊन जात नाहीत, आणि पिसू चावल्यावर काही तासांत, अंडी घालायच्या आतच मरते. या भागासाठी फ्ल्युरालॅनरचा हिशोब सोयीचा पडतो: 15 मेला, वळीव सुरू असताना पहिली गोळी, दुसरी 7 ऑगस्टला, तिसरी 30 ऑक्टोबरला. ती जेवणासोबत द्या, उपाशीपोटी नीट शोषली जात नाही. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून दोघांत अर्धी-अर्धी वाटायची पद्धत बंद करा. फ्ल्युरालॅनरच्या माहितीपत्रकात गोळी तोडू नये असं लिहिलेलं असतं. पैसे वाचवायला म्हणून हे होतं हे खरं, पण दोन्ही कुत्र्यांना मात्रा नेमकी किती गेली ते कळत नाही. नेक्सगार्ड दिल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पूर्ण गोळी पुन्हा द्यावी लागते. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. या गटातल्या औषधांमुळे काही कुत्र्यांना झटके आल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये दिला आहे. बहुतेक कुत्र्यांना त्रास होत नाही, पण फिटवाल्या कुत्र्यासाठी दुसरा मार्ग धरलेला बरा.

नुसता शांपू त्या दिवशीच्या पिसवा मारतो, दुसऱ्या दिवशी नव्या चढतात. पट्टा घ्यायचा तर इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिनचा. तो मानेला लागून राहिला पाहिजे, खाली दोन बोटं जातील इतकाच सैल. शोभेसारखा लोंबकळता बांधला तर उपयोग नाही.

घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेलं कुठलंही औषध कुत्र्याला लावू नका. मांजर त्या कुत्र्याला घासलं, चाटलं तरी झटके येऊन मरू शकतं. मांजरालाही पिसवांचं औषध द्यायचं, पण मांजराचंच. कुत्र्याला गोळी आणि भुशात लोळणाऱ्या दोन मांजरांना काही नाही, अशाने घरातल्या पिसवा कधीच संपत नाहीत.

निपाणीच्या बाजूला तंबाखूचं पाणी किंवा भुकटी चोळायची जुनी सवय आहे. कृपा करून करू नका. निकोटीन कातडीतून शोषलं जातं आणि कुत्रं ते चाटतंही. लाळ गळते, थरथर सुटते, श्वास अडकतो. रॉकेल, फिनेल, कापूर यांचंही तेच. काही लावून बसला असाल तर साध्या साबणाने लगेच धुऊन काढा आणि डॉक्टरांकडे न्या.

आता पोतं. ते अंगणात झटकू नका. झटकलं की अंडी सोप्यावर पसरतात. आतल्या बाजूला घडी घालून उचला, जुनं असेल तर जाळून टाका. वाकळ, चादर 60 अंशांच्या वरच्या पाण्यात बुडवा आणि आठवड्यातून एकदा हे करत राहा. पोत्याऐवजी धुता येईल अशी सुती चादर घातली तर निम्मं काम हलकं होतं. फरशीच्या सांध्यांतली, कॉटखालची, उंबऱ्याजवळची धूळ झाडून केर घरात न ठेवता जाळा. घरात फवारायचं तर अंडी-अळ्यांची वाढ थांबवणारं, म्हणजे पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन असलेलं, सावलीच्या जागी. मेथोप्रीन उन्हात टिकत नाही. गोठ्यात फवारताना गव्हाण आणि पाण्याचं भांडं झाकून घ्या.

एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पिसवा दिसतात, आणि इथंच बहुतेक जण औषध बदलतात. त्या पिसवा जुन्या कोशांतून निघालेल्या असतात. कुत्र्याच्या अंगावर चालू औषध असेल तर त्या चावतील आणि मरतील. पसारा रिकामा व्हायला तीन महिने लागू शकतात, तोवर एकही मात्रा चुकवायची नाही. फणीत सापडणाऱ्या पिसवा दर आठवड्याला मोजून कॅलेंडरवर लिहा. आकडा उतरत असेल तर औषध चालतंय. उतरत नसेल तर आधी वजन, मात्रा आणि घरातली बाकीची जनावरं तपासा.

शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसले तर ते पट्टकृमीचे. कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं आणि तिच्यातून कृमी पोटात जातो. त्यासाठी प्राझिक्वांटेल लागतं, किलोला 5 मिलिग्रॅम, पण पिसवा तशाच राहिल्या तर कृमी परत येतो.

आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना थेंब नाहीत, गोळीही नाही. फिप्रोनिलचा फवारा दोन दिवसांच्या पिल्लापासून चालतो, पण मात्रा आणि पद्धत डॉक्टरांसमोरच ठरवा आणि वाळेपर्यंत पिल्लू उबेत ठेवा, गारठ्याने ते लगेच ढासळतं. दोन दिवसांच्या आतल्या पिल्लांना फक्त फणी, आणि पिसू साबणाच्या पाण्यात बुडवायची. पिल्लाची हिरडी बोटाने वर करून बघा. गुलाबी असेल तर ठीक. पांढुरकी पडली असेल तर रक्त फार गेलंय, सकाळची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.