तुम्ही विचारलंत म्हणून: कारगिल नव्हे, जाफना

आमच्या सोप्यात वर्दीतला एक फोटो टांगलेला आहे. मिसरूड नुकतं फुटलेलं, टोपी जरा तिरकी. आलेला पाहुणा चहाचा घोट घेत विचारतो, "हे कोण? कारगिल का?"

हे माझे धाकटे काका. वय बावीस. कारगिल नाही, श्रीलंका. मग दुसरा प्रश्नही ठरलेलाच: "श्रीलंकेशी आपलं युद्ध कधी झालं?"

झालंच नाही. भांडण त्यांच्या घरातलं होतं. एकीकडे सरकार, दुसरीकडे वेगळं तमिळ राज्य मागणारे वाघ, म्हणजे एलटीटीईचे बंडखोर. १९८३ ला पेटलेलं ते २००९ ला विझलं. मधे २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि आपली फौज शांतिसेना म्हणून तिथं उतरली. वाघांनी हत्यारं जमा करायची, आपण मधे उभं राहायचं, असा बेत. काका मराठा लाइट इन्फन्ट्रीत. त्यांचं शेवटचं अंतर्देशीय पत्र सप्टेंबरातलं, पत्त्यात गाव नाही, नुसता एपीओचा, म्हणजे लष्करी टपालघराचा आकडा. "नारळ मोप आहेत. आईला सांग, लढाई नाही, पहारा आहे."

ऑक्टोबरात त्याच वाघांशी जुंपली. गल्लीबोळात पेरलेले सुरुंग, ताडांवर बसलेले नेमबाज. उत्तरेतलं जाफना शहर घ्यायला दोन आठवड्यांच्या वर गेले. तार आली ती ऐन दिवाळीत. आजीनं अनारशाचं पीठ करून ठेवलं होतं, ते डब्यातच राहिलं. पुढं कधी आमच्याकडे अनारसे झाले नाहीत. कुणी "देशासाठी गेला" म्हणालं की आजी म्हणायची, "भांडण त्यांचं, पोरगं माझं." आणि उठून आत जायची.

तिथं आपले बाराशेच्या आसपास जवान गेले. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला निघाली. मद्रासला परतलेल्या फौजेच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. आपल्याच तमिळ भाषेच्या माणसांवर गोळ्या झाडून आलेली फौज, असं त्यांचं म्हणणं. लहानपणी मला याचा संताप यायचा. पुढं जाफन्याच्या इस्पितळाबद्दल वाचलं. २१ ऑक्टोबर १९८७ ला आपली फौज आत शिरली आणि रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मारल्या गेल्या. तेव्हापासून मी त्या संतापाच्या वाटेला जात नाही. तिकडच्या भिंतींवरही फोटो असणारच.

एकदा गावच्या सत्काराला निवेदकानं काकांना 'कारगिलवीर' करून टाकलं. टाळ्या पडल्या. बाबांनी शाल-नारळ घेतला आणि गप बसले. वाटेत मी तडकलो, तर म्हणाले, "एवढ्या माणसांत तो करार कुठनं सांगत बसू?" त्यांचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं. म्हणूनच कुणी विचारलं की मी सगळं सांगतो. चहा गार झाला तरी.

पितृपक्षात चतुर्दशीला आम्ही त्यांचं पान वाढतो. शस्त्रानं गेलेल्यांची तिथी ती. शस्त्र कुणाचं, युद्ध कुणाचं, हे पंचांग विचारत नाही. माझी लेक त्या बावीस वर्षांच्या पोराला आजोबा म्हणते आणि खिरीची वाटी पानात नेमकी डावीकडे ठेवते, मग आई ती उचलून उजवीकडे ठेवते.

त्यांची काळी पत्र्याची ट्रंक माघारी आली होती. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. आता तीत गोधड्या असतात. नावातली दोन अक्षरं खरवडून गेलीत, नंबर शाबूत आहे. गेल्या वर्षी बाबांना नवा मोबाइल घेऊन दिला. कुलपासाठी चार आकडे कुठले टाकू, म्हणून विचारलं, तर ट्रंकेकडे न बघता त्यांनी शेवटचे चार सांगितले.