परसातली द्राक्षे: ब्रिक्सच्या जोडीने आम्लतेची नोंद

यंदाच्या गोडी छाटणीपासून (फळासाठीच्या छाटणीपासून) थॉमसन, सोनाका, शरद आणि फ्लेम या चार बिनबियांच्या वाणांची तुलना मी केवळ ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापावर, न ठेवता रसाची आम्लता, सालीची जाडी आणि गराचा कुरकुरीतपणा यांवरही करत आहे. घडाच्या खांद्याचे मणी शेंड्याच्या मण्यांपेक्षा लवकर गोड होतात, म्हणून प्रत्येक घडाचे वरचे, मधले आणि खालचे मणी एकत्र पिळूनच रस रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे ब्रिक्स मोजण्याच्या उपकरणावर, घेतो. सीपीपीयू हे मणी वाढवणारे संजीवक एकाही वेलीला दिलेले नाही. त्याने मणी फुगतो हे खरे, परंतु साल जाड होते आणि साखर उशिरा भरते, मग वाणाचा मूळ गुण कळणार कसा?

आम्लतेसाठी दहा मिलिलीटर रसात फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाचे थेंब टाकून ०.१ नॉर्मल तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साइड (अल्कली) फिकट गुलाबी छटा टिकेपर्यंत सोडतो. एक मिलिलीटर द्रावण म्हणजे ७.५ मिलिग्रॅम टार्टारिक आम्ल, त्यामुळे आठ मिलिलीटर लागल्यास आम्लता ०.६ टक्के येते. काळ्या शरदच्या गडद रसात हा रंगबदल ओळखणे कठीण जाते, म्हणून तो रस उकळून गार केलेल्या पाण्याने बराच पातळ करावा लागतो.

सर्वांत बोलका फरक थॉमसनमध्ये दिसला. थंडीत १८ ब्रिक्सला तोडलेला घड जिभेला आंबट लागला, तर ऊन वाढल्यावर त्याच वेलीचा तितक्याच ब्रिक्सचा घड स्पष्टपणे गोड लागला. उष्णतेत मण्यातले मॅलिक आम्ल श्वसनात खर्च होते आणि टार्टारिक आम्ल त्या मानाने टिकून राहते, हे त्याचे कारण. सोनाका ही थॉमसनमधूनच निवडलेली. तिचा लांबट, सोनेरी मणी देखणा असला तरी चवीत मला थॉमसनच सरस वाटतो. कुरकुरीतपणात मात्र फ्लेमची बरोबरी यांपैकी कोणीही करत नाही. फ्लेम आणि शरद यांच्या रंगाला रात्रीचा गारवा मानवला, पण दिवस-रात्रीच्या तापमानातल्या त्याच तफावतीने थॉमसनच्या काही हिरव्या मण्यांवर नकोशी गुलाबी छटा आली.

द्राक्ष तोडल्यानंतर गोड होत नाही, म्हणून थॉमसनचे उरलेले घड वेलीवरच ठेवले असून आम्लता ०.५ टक्क्यांवर आल्यावर त्यांची पुढची तोडणी करीन.