हिरवी भिंत: हंसराज का जळत होता ते सापडलं

चोर सापडला, आणि तो मीच निघालो.

माझ्या हिरव्या भिंतीच्या (फेल्टच्या कापडात लावलेली उभी बाग, टाकीतलं पाणी पंपानं फिरतं) वरच्या दोन ओळींतला हंसराज, म्हणजे ते नाजूक नेचं, कडेनं करपतोय, हे मागच्या वेळी लिहिलंच होतं. खालचा मनीप्लांट मजेत. त्याचं काय, तो गटारातही वाढेल. आधी एसीच्या झोतावर संशय घेतला, पाती वर वळवली. फरक शून्य. मग झाडांसाठी लावलेले ग्रो लाइट चार इंच मागे घेतले. नर्सरीवाला म्हणाला, "खत कमी पडतंय." डोस वाढवला आणि आठवड्यात तिसरी ओळही गेली. (त्याच्याकडून रोपं घ्यावीत, सल्ला घेऊ नये.)

मग एकदा फेल्टवरून बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. पांढरी खर. मीटर टाकीत बुडवला: टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) २१४०! मे महिन्यात आमच्या ठाण्यात टँकरचं पाणी, ते ६२०. पण मी पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ फिल्टरनं बाहेर सोडलेलं पाणी टाकीत ओतत होतो, ते ११८०. त्यात पंप तेच पाणी फिरवत राहतो. पाणी उडतं, क्षार मागे उरतात. वरच्या ओळी पंख्यासमोर, म्हणून पहिला मार त्यांना. पात्रीक ब्लां या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाची उभ्या बागेची फेल्टची पद्धत उचलताना फेल्टची जाडी मोजली, पाणी नाही मोजलं.

उपाय एसीनंच दिला. त्याचं पाणी गळतं त्या नळीखाली बादली ठेवली: एका रात्रीत सात लिटर, मीटरवर १८. टाकी रिकामी केली, फेल्ट तीनदा धुतला, खत पाव डोसवर आणलं. बाराव्या दिवशी काळ्या तारेसारख्या देठावर गुलाबीसर मिटलेली मूठ, म्हणजे नवं पान, दिसली. आज अशा पाच आहेत!

हवा शुद्ध करायला भिंत लावणाऱ्यांनी सरळ खिडकी उघडावी. माझी भिंत आबांच्या पलंगासमोर आहे, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बघायला काहीतरी हिरवं असावं म्हणून. खिडकीतून झाडं दिसणाऱ्या रुग्णांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा जोरदार वेदनाशामकं कमी लागली, हे रॉजर उल्रिक या अमेरिकन संशोधकानं १९८४ साली दाखवलं होतं. आबांचा अभिप्राय मात्र वेगळा: "रात्रभर नळ गळतोय रे कुठेतरी." टायमर आता दहाला पंप बंद करतो.

पुढचं पॅनेल बाल्कनीत करणार होतो, पण लिहिता लिहिता लक्षात आलं, पावसाळ्यात एसी बंद, म्हणजे हे पाणीही बंद. तेव्हा पागोळ्या आहेतच की! ११० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा चिरून छज्ज्याला पन्हळ लावतो. पॅनेल दिवाळीनंतर बघू. पन्हळीच्या तोंडाला डासांसाठी कोणती जाळी टिकते? माझी नायलॉनची मागच्या वर्षी उंदरांनी खाल्ली.