एका नंबरावर दोघं

सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या घरात नेट दुरुस्त करायला माझ्याआधी इंटरनेट कंपनीची पोरं येऊन गेली होती. नेटचा डबा बदलून झाला होता, फायबरचं टोक नव्यानं जोडून झालं होतं. कस्टमर केअरनं 'रिस्टार्ट करून बघा' हे इतकं घोकून घेतलं होतं, की मी दारात दिसल्यावर घरातलं पहिलीतलं पोरगं आपणहून बटण दाबायला पळालं.

अशोक चौकातून अक्कलकोट रोडच्या बाजूला गल्ल्यांत शिरलं की अशी घरं लागतात. खाली टॉवेलचे माग, रस्त्याकडेला छोटं ऑफिस, वर दोन मजल्यांवर दोन भावांचे संसार. घरात तेलुगू, ऑफिसात मराठी, कामगारांशी दोन्ही मिसळून. 'नेट पोयिंदी', म्हणजे नेट गेलं, हे वाक्य मी इतक्या दारांत ऐकलंय की त्याचं मनात भाषांतरसुद्धा होत नाही.

तक्रार अशी, की संध्याकाळी साडेसातनंतर नेट जातं, पण धड जातही नाही. एकाच्या मोबाईलवर चालतं आणि त्याच सोफ्यावर बसलेल्या दुसऱ्याचं गोल गोल फिरत राहतं. वायफायचे दांडे दोघांचेही भरलेले. जरा वेळानं उलट. नेमकं त्याच वेळी खाली हैदराबादला जाणारा टेम्पो भरून उभा असतो आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ई-वे बिलाची साइट उघडत नाही. परराज्यात जाणारा ५० हजारांवरचा माल त्या बिलाशिवाय हलवता येत नाही. ड्रायव्हर हॉर्न मारतो, मालक कंपनीला शिव्या घालतात.

मालकांचं निदान तयारच होतं. "धाकट्याची बायको घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करती. दिवसभर व्हिडिओ कॉल. सगळं नेट तीच वढून घेती. तिला वेगळं कनेक्शन काढून द्या की, तिच्या खर्चानं."

मी आधी ओएनटी बघितला, म्हणजे फायबर घरात जिथं संपतं तो पांढरा डबा. पॉवर मीटरवर फायबरमधल्या प्रकाशाचा जोर उणे २१ डीबीएम, एकदम सुरेख. आकडा उणे २७ च्या पुढं घसरला की काळजी करायची. लाल दिवा नाही. डब्याला लॅपटॉप वायरनं लावला तर पैसे भरलेला पुरा स्पीड. कंपनीची पोरं इथूनच परत जातात. त्यांना बंद केलेल्या तक्रारीमागं पैसे मिळतात. बाहेरून येणारी लाईन चांगली, म्हणजे तक्रार बंद. घराच्या आत काय चाललंय ते बघायचा पगार त्यांना कुणी देत नाही, त्यामुळं ती बघत नाहीत. त्यांचा राग येतो, पण त्या पगारात मीही तेच केलं असतं.

पाणी मागायला पहिल्या मजल्यावर गेलो, तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर. सगळ्यांच्या घरी असतं तसं, दुधाचे खाडे मांडलेलं. पण दुधाच्या फुल्यांच्या खाली लाल पेनानं बारीक वेळा लिहिल्या होत्या. ७:४०. ७:३५. १:३५. ७:४५. धाकट्या वहिनी म्हणाल्या, "नेट जातं तेव्हा लिहून ठेवते. ऑफिसात उत्तर द्यावं लागतं ना दादा." शिवाय त्यांनी लॅपटॉपवर आलेल्या एका निरोपाचा फोटोही काढून ठेवला होता: या नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरचा आयपी ॲड्रेस हाच आहे. आयपी ॲड्रेस म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणारा नंबर. कस्टमर केअरला तो त्यांनी शब्दन्‌शब्द वाचून दाखवला होता. उत्तर आलं, मॅडम, रिस्टार्ट करून बघा.

एवढ्या वर्षांत ग्राहकाकडून अशी नोंद मला कधी मिळालेली नाही. लोक 'सारखं जातंय' म्हणतात. कधी म्हणून विचारलं तर 'कायमच' म्हणतात. स्पीड कितीचा घेतलाय ते मात्र पाठ असतं.

त्या दिवशी सातलाच ऑफिसात लॅपटॉप लावून बसलो. एका खिडकीत १९२.१६८.१.१ ला पिंग, म्हणजे घरातल्या डब्याला हाक. दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या जगाला. साडेसातपर्यंत दोन्हीकडून उत्तरं नीट. मग बाहेरची थांबली. आतली चालूच. नवखा माणूस इथं म्हणेल, डबा जिवंत आहे, बाहेरची लाईन गेली. पण डब्याला वायरनं जोडलंय तर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत यायला हवं आणि तसं ते आतापर्यंत येत होतं. आता तीन, चार, परत तीन. नंबर तोच, पण उत्तर दुसरंच कुणीतरी देत होतं.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं. मघाशी इथं कंपनीच्या डब्याचं पान उघडलं होतं. आता भलत्याच राउटरचं उघडलं, लॉगिन मागत. एआरपीचा तक्ता काढला, म्हणजे कुठला नंबर कोणत्या यंत्राचा याची लॅपटॉपकडची यादी. त्यात त्याच नंबरासमोर मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राला कारखान्यातच मिळालेली ओळख, बदललेला. मॅकच्या पहिल्या सहा अक्षरांवरून वस्तू कुणी बनवली ते कळतं, आणि ही वस्तू कंपनीची नव्हती. घरात १९२.१६८.१.१ नावाचे दोघं होते.

हे होतं कसं, ते थोडं सांगतो. जगातले जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) सगळे आयपी नंबर मिळून ४२९ कोटींच्या आसपास. ते पुरणार नाहीत हे दिसायला लागल्यावर फेब्रुवारी १९९६ मध्ये काही नंबर खाजगी वापराला कायमचे सोडून दिले. १९२.१६८ नं सुरू होणारे त्यातलेच. ते तुमच्या घरातही चालतात, शेजाऱ्याच्याही, कारण ते घराबाहेर पडतच नाहीत. म्हणून डबे बनवणारे बहुतेक जण कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ नाहीतर १९२.१६८.०.१ घालून पाठवतात. एका घरात एकच डबा असेल तोवर काही बिघडत नाही. पण घरातल्या घरात कुठला नंबर कोणत्या यंत्राचा, हे ठरवणारी एआरपी नावाची पद्धत १९८२ सालची आहे आणि ती फारच भोळी आहे. 'अमुक नंबर कुणाचा?' अशी सगळ्यांना हाक मारायची आणि जो 'माझा' म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवायचा. ओळखपत्र मागायची सोयच नाही. आमच्या पूर्व भागात गल्लीत उभं राहून "अण्णा" म्हणून ओरडा, चार खिडक्या उघडतील. तसंच ते. ज्याचं उत्तर ध्यानात राहिलं त्याच्याकडं तो मोबाईल आपलं सगळं पाठवत बसतो. म्हणून एकाच सोफ्यावर एकाचं चालतं आणि दुसऱ्याचं नाही.

मोबाईलवर सिग्नल बघत दुसऱ्या मजल्यावर गेलो. मालकांच्या थोरल्या मुलाची खोली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज आणि क्लास करून सातनंतर घरी येतो. कपाटावर जुना राउटर, वायर नीट खिळ्यांनी मारत ऑफिसातून वर आणलेली. "अंकल, वर सिग्नल येत नव्हता म्हणून ॲक्सेस पॉइंट केलाय. लॅन टू लॅन. व्हिडिओ बघून." ॲक्सेस पॉइंट म्हणजे खालचंच नेट वर वायफायनं पसरवणारा डबा. वायर त्यानं बरोबर भोकात घातली होती, नावसुद्धा खालच्या वायफायचंच ठेवलं होतं. पुढचं मात्र राहिलं होतं. त्या राउटरचा नंबर १९२.१६८.१.१ च होता आणि त्याचा डीएचसीपीही चालू होता, म्हणजे घरात येईल त्याला नंबर वाटायचं काम दोन डबे एकमेकांना न विचारता करत होते. वरच्याकडून नंबर घेणाऱ्याला बाहेरचा रस्ता म्हणून तो स्वतःलाच दाखवत होता आणि त्याच्यापुढं रस्ता नव्हताच. वडील लाईट बिलावरून ओरडतात म्हणून पोरगं घरी आल्यावर तो चालू करायचं, झोपताना बंद. साडेसातचं कोडं एवढंच.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा असतो, आणि तोच बहुतेक व्हिडिओंत उलटा सांगतात. खालची वायर आधी काढायची. मग वरच्या राउटरचा नंबर १९२.१६८.१.२ करायचा, त्या नव्या नंबरानं परत आत शिरायचं आणि त्यानंतर डीएचसीपी बंद करायचा. डीएचसीपी आधी बंद केला तर लॅपटॉपला आपोआप नंबर मिळत नाही, तो हातानं टाकल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि ते जमत नसलं तर टाचणी घेऊन मागचं रिसेटचं भोक कोरत बसायचं. वायर परत जोडायची ती सगळ्यात शेवटी. पाच मिनिटांचं काम. टेम्पो साडेआठला गेला.

मालकांना सांगितलं की वरच्या राउटरमुळं होत होतं. कोणाचा, ते त्यांना कळलंच. थोडं थांबून म्हणाले, "पोरगं शिकतंय. चालायचंच." मी म्हटलं, वहिनींनी वेळा लिहिल्या होत्या म्हणून लवकर सापडलं. त्यावर, "तिला काय कळतंय त्यातलं." वेगळ्या कनेक्शनचा विषय मात्र परत निघाला नाही. पैसे देताना मालकांनी घासाघीस केली. महिन्याला हजारभर रुपये नेटला देणारा माणूस ते चालू करून देणाऱ्याला तीनशे द्यायला कुरकुरतो, हे सोलापुरात मी गृहीतच धरलंय.

जिन्यात वहिनी म्हणाल्या, "दादा, दुपारचं राहिलं."

खरं होतं. १:३५ च्या नोंदी साडेसातच्या हिशेबात बसत नव्हत्या. दुपारी पोरगं कॉलेजात, राउटर बंद. आणि 'दुसऱ्या कॉम्प्युटरचा नंबर हाच' हा निरोप दुपारचाच होता.

म्हणून पुन्हा गेलो, दुपारी, न बोलावता. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये मागांच्या आवाजात आणि सुताच्या पिंजेत उभं राहणं काय असतं ते तिथं काम करणाऱ्यांनाच ठाऊक. जेवणाची सुट्टी झाली तसा जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा, आला आणि तेलपाणी करायला त्यानं मेन पाडला. ऑफिसातला ओएनटीही मेला, कारण ऑफिसची लाईन शेडवरूनच आहे. कॅमेऱ्याचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) आणि हजेरीचं अंगठ्याचं मशीन मात्र जिवंत, दोन्ही यूपीएसवर. यूपीएसला दोनच भोकं रिकामी होती, ती त्यांना दिली होती. चोर दिसला पाहिजे, नेटचं बघू.

दीडला मेन चढला. ओएनटी उठला तो कोरी पाटी घेऊन. कुणाला कुठला नंबर दिला होता ही यादी असल्या डब्यांत वीज असेतोवरच राहते. त्यानं नव्यानं वाटायला सुरुवात केली, शेवटचा आकडा २, ३, ४, ५ असे. आणि ५ वर डीव्हीआर आधीच बसलेला. कॅमेरे लावणाऱ्यानं तो नंबर हातानं पक्का टाकला होता, वाटपाच्या हद्दीत, कुणाला न सांगता. एरवी सगळ्यांना जुनेच नंबर मिळत राहतात म्हणून खपून जातं. वीज जाऊन आली की जो चौथा वायफायला जोडेल तो बळी, त्यामुळं रोज माणूस वेगळा. वहिनींचा लॅपटॉप लगबगीनं परत जोडायचा, म्हणून त्यांची पाळी जास्त वेळा. नंबर देण्याआधी तो रिकामा आहे का ते तपासावं, असं डीएचसीपीच्या १९९७ च्या नियमात लिहिलंय, पण 'तपासावं' असं, 'तपासलंच पाहिजे' असं नाही. आणि स्वस्त डब्यांना तेवढी पळवाट पुरते.

मग सगळंच बसवलं. वाटप ५० ते २०० मध्येच, त्याच्या खालचे नंबर पक्क्या वस्तूंना. डीव्हीआर १०, हजेरी ११, प्रिंटर १२, पोराचा राउटर २. कागदावर लिहून ऑफिसच्या दारामागं चिकटवलं. ओएनटीला हजार-दीड हजाराचा छोटा यूपीएस घ्या म्हटलं. "बघू दिवाळीत."

त्या घरात तीन जणांनी तीन वस्तू बसवल्या होत्या: कंपनीच्या पोरानं, कॅमेरेवाल्यानं, मालकांच्या मुलानं. प्रत्येकाची वस्तू एकटी तपासली तर चोख. दुसऱ्यानं काय नंबर टाकलाय हे विचारायचं कुणाच्याच कामात येत नव्हतं, आणि ज्या एका बाईला गोंधळाचा काही आकार दिसत होता तिच्यावरच आळ होता. हे मला राउटरपेक्षा जास्त खटकतंय.

मागच्या आठवड्यात कॅमेरेवाल्याचा फोन आला. चांगला तापला होता. "माझ्या डीव्हीआरचा नंबर कुणी बदलला बे? मी सगळ्या गिऱ्हाइकांकडं ५ च टाकतो, पाठ राहतो म्हणून." सर्व्हिसिंगला गेला तेव्हा त्यानं तो परत ५ करून टाकला होता. वाटप आता ५० पासून असल्यामुळं काही अडत नाही, फक्त दारामागचा कागद खोटा झालाय.

वहिनी अजून नोंद ठेवतात. काल त्यांनी नव्या महिन्याच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. पान जवळजवळ स्वच्छ, एकच लाल आकडा, रविवारी सकाळी ११:१०. रविवारी माग बंद असतात, जॉबर येत नाही, आणि पोरगं गावालाच गेलं होतं. हजेरीच्या मशीनचा नंबर मीच टाकलाय, पण त्याचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की ते जुन्या नंबरावर जातं का, ते बघायला रविवारी जाईन म्हणतोय.