एसी नसलेला वॉर्ड

सिंगापूरमधल्या आमच्या यीशून भागातलं खू टेक प्वाट हॉस्पिटल 2010 साली सुरू झालं. इमारती व्ही आकारात, मधोमध बाग, आणि उघडी बाजू थेट तळ्याकडे. सासूबाई सिंगापूरला आल्या की संध्याकाळचं फिरणं तिथेच. आजारी नसताना हॉस्पिटलात जाणाऱ्या बाई मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत!

आत पाऊल टाकताच माणसाचं ब्लड प्रेशर उतरलं पाहिजे, ही तेव्हाचे प्रमुख लियाक तेंग लिट यांची अपेक्षा. त्यासाठी फुलपाखरांची आवडती झाडंसुद्धा मुद्दाम लावली. गच्चीवर भाजीचा मळा आहे, तो स्वयंसेवक राखतात.

पण मला खरं कौतुक आहे ते सवलतीच्या वॉर्डांचं. तिथे एसी नाही. बाहेरच्या भिंतीला पंखांसारख्या उभ्या पट्ट्या बसवल्यात, त्या वारा अडवून आत वळवतात. ह्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा अशाच एका वॉर्डात होते. दुसऱ्या दिवशीपर्यंत नुसती चिडचिड. उशी टोचते, शेजारचे घोरतात, भेटायला येणारे फार बोलतात. दुपारी पाऊस आला. खिडकीबाहेरच्या कुंड्यांमधली पानं हलायला लागली, ओल्या मातीचा वास पार खाटेपर्यंत आला. हे म्हणाले, "चहा मिळेल का गं?" माझा जीव भांड्यात पडला.

संशोधक रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या रुग्णांच्या नोंदी तपासून 1984 साली अभ्यास प्रसिद्ध केला होता. खिडकीतून झाडं दिसणारे 23, विटांची भिंत दिसणारे 23. झाडंवाले लवकर घरी गेले, जालीम वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. तो अभ्यास पेनसिल्व्हेनियातला, आणि तो नजरेपुरता. आपल्या दमट हवेत नुसतं दिसून भागत नाही, वारा अंगाला लागावा लागतो. बंद काचेआडची हिरवळ म्हणजे मला तरी कॅलेंडरवरचं चित्रच वाटते.

ठाण्याला दादाने चौदाव्या मजल्यावरची बाल्कनी स्लायडिंग लावून बंद केलीय, खाली प्लॅस्टिकचं गवत. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी मुंबईतच कांचनजंगाच्या उंच इमारतीत घराघराला दुमजली उंचीची बागेची गच्ची दिली, तीही 1983 मध्ये. हे सगळं ऐकवून मी म्हटलं, निदान एक काच तरी काढ.

"डास येतात," दादा म्हणाला. "आणि कोरियांना सोसायटीची एनओसी लागत नव्हती."