एसटीच्या पाटीवरची वंशावळ

मेहकरहून जालन्याच्या एसटीत बसलो, तेव्हा मामानं खिडकीची जागा मला दिली. म्हणाला, "गावाईची नावं पाहत जाय." किनगाव राजा आलं. सिंदखेड राजाला तर उतरायचंच होतं. पुढे देऊळगाव राजा. आतल्या रस्त्यांवर आडगाव राजा, मेहुणा राजा. जाधवरावांच्या शाखा अशा गावोगाव पसरल्या आणि 'राजा' गावांच्या नावाला चिकटून राहिला.

पाऊस उघडला होता, सोयाबीन गुडघ्याला लागलेलं. राजवाड्याचा दरवाजा रस्त्यालगतच आहे. १५९८ साली जिजाऊ इथे जन्मल्या. १२ जानेवारीला इथे पाय ठेवायला जागा नसते. आज एक शाळेची सहल, दोन बकऱ्या आणि आम्ही.

ओट्यावर बसून मामानं वहीचं पान फाडलं. वर लखुजीराजे आणि म्हाळसाबाई. खाली दत्ताजी, अचलोजी, राघोजी, बहादुरजी. लेक सगळ्यात शेवटी, पार कोपऱ्यात. मग तिच्याखाली शहाजीराजांच्या घरची माणसं लिहायला घेतली आणि पान पुरेना. संभाजीराजे, शिवाजीराजे, त्यांची मुलं, नातू शाहू… अक्षरं कडेला चढायला लागली.

"पान उलटं कर," मी म्हटलं.

"काहून? कोपऱ्यातच बरं हाये."

रंगमहालात रंगपंचमीला लखुजींनी गमतीनं लेकीची नि शहाजीची जोडी बोलून दाखवली, आणि शहाजींच्या वडलांनी, मालोजींनी, ते गंभीरपणे धरलं, असं सांगतात. मला ही गोष्ट जरा जास्तच गोड वाटते. कारण पुढे याच दोन घरांत रक्त सांडलं. निजामशाही दरबारातून निघताना खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला. दत्ताजी हत्तीवर धावले, भोसले खंडागळ्यांच्या बाजूनं उतरले. शहाजींच्या चुलतभावानं, संभाजीनं, दत्ताजींना मारलं. लखुजींनी त्या संभाजीला. एका हत्तीपायी माहेरचाही गेला, सासरचाही.

लखुजींची समाधी प्रचंड आहे. घुमटाखाली शिरलं की बाहेरच्या ट्रकचा आवाजही थकल्यासारखा येतो. लखुजी मुघलांकडे जाऊन परत निजामशाहीत आले होते, त्यामुळे निजामशहाला त्यांचा भरवसा वाटत नव्हता. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या दरबारात ते बेसावध असताना घात झाला. लखुजी, अचलोजी, राघोजी आणि दत्ताजींचा मुलगा यशवंतराव, चौघं एका दिवशी. मामानं कागदावर चार फुल्या मारल्या. दत्ताजींवर आधीच होती. भावांत उरले एकटे बहादुरजी.

"अन् शिवाजीराजे कवाचे?" त्यानं विचारलं. १९ फेब्रुवारी १६३०. बोटांवर मोजलं. सात महिनेही होत नाहीत. म्हणजे माहेराची ही बातमी आली, तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. मामा गप्प झाला. मग म्हणाला, "धनाजी जाधवबी याच घराण्यातले हायेत, त्याह्यले जागा ठेव." जागा कुठली! पाठीमागे लिहिलं.

पुतळा बारव पाहिली, मोती तलावाच्या काठानं परतलो. स्टँडवर चहा घेतला, फारच गोड. समोर मेहुणा राजाची गाडी लागली होती. मामानं पाटी मोठ्यानं वाचली आणि छाती फुगवली.

"घरी गेलं की तुह्या बापाले सांग, माह्या नावाचं गाव हाये म्हणून."